कागद मागण्याआधी

(मंडळाच्या शताब्दी सोहळ्यात साहाय्य गटाच्या वतीने केलेलं भाषण)



सकाळपासून आपण आपल्या आगमनाच्या आठवणी ऐकतो आहोत. ट्रंकेतून आणलेलं मेतकूट, पहिल्या हिवाळ्यात वाजलेले दात, खोली भाड्याने देण्याआधी घरमालकिणीने विचारलेले प्रश्न. ऐकताना हसू आलं, डोळेही भरून आले. आम्हाला २० मिनिटं मिळाली आहेत आणि विषय दिला आहे ‘शहर आणि नवागत’. विषय मोठा आहे, म्हणून आम्ही तो थोडा आवरून घेतो. जीव वाचवून जे या देशात आले आहेत, ज्यांच्याकडे कागद नाहीत किंवा ज्यांचे कागद अजून कुणाच्या तरी टेबलावर पडून आहेत, अशा माणसांशी शहराने कसं वागावं, एवढंच आज बोलणार आहोत.

आमचा अधिकार फार मोठा नाही. आम्ही वकील नाही, नगरसेवक नाही. शनिवारी सकाळी मंडळाच्या सभागृहात एक टेबल मांडून बसतो. कुणाला आलेलं पत्र वाचून दाखवायचं, कुणाचा अर्ज भरायला मदत करायची, कुणाबरोबर दवाखान्यात जायचं, एवढंच काम. तेव्हा सुरुवातही आमच्याच टेबलापासून करतो, आणि आमच्याच चुकीपासून.

एका शनिवारी एक बाई लहान मुलीला घेऊन आल्या. मराठीच होत्या, बोलण्यात खानदेशी हेल होता. आमच्याकडे एक छापील अर्ज होता. पहिली ओळ नाव, दुसरी पत्ता, तिसरी व्हिसाचा प्रकार. आम्ही मान वर न करताच तिसरी ओळ विचारली. बाई म्हणाल्या, “पर्स गाडीत राहिली, घेऊन येते.” त्या गेल्या. थोड्या वेळाने खिडकीतून पाहिलं, तर त्या मुलीचा हात धरून बसथांब्यावर उभ्या होत्या. गाडी नव्हतीच.

त्या परत आल्या सहा आठवड्यांनी, मुलीची दाढ सुजली तेव्हा. मग हळूहळू सगळं कळलं. नवऱ्याच्या व्हिसावर आल्या होत्या. घरात मारहाण होती. एक दिवस नवरा दोघींना सोडून निघून गेला, आणि जाताना पासपोर्टही घेऊन गेला. त्या सहा आठवड्यांत त्यांनी मुलीचं नाव दवाखान्यात घातलं नाही आणि शाळेतही घातलं नाही. कारण? “तुम्ही आपली माणसं असून विचारलंत, मग ते तर विचारणारच.”

मंडळी, अर्जावरची ती तिसरी ओळ सरकारने छापायला सांगितली नव्हती. ती आम्हीच घातली होती. सगळ्या अर्जांवर असते, म्हणून आपल्याही असावी, इतकंच. आज आम्हाला जे सांगायचं आहे, ते सगळं या एका ओळीत आहे. शहराचं स्वागत स्वागतसमारंभात दिसत नाही. कोणत्या खिडकीवर काय विचारलं जातं, यात ते दिसतं. काही ठिकाणी कागद मागणं कायद्यानेच भाग असतं. पण कितीतरी ठिकाणी ते केवळ सवयीने मागितले जातात, आणि त्या सवयीपायी माणसं हक्काच्या दारातूनही परत फिरतात.

आता काहींना वाटेल, कागद नसलेली माणसं म्हणजे कुणीतरी दुसरी. आपण मराठी माणसं इथे डॉक्टर, इंजिनिअर, हिशेबनीस म्हणून रीतसर आलो. आपला त्यांच्याशी काय संबंध?

संबंध आहे. मंडळाने शताब्दी मोजली आहे ती पहिल्या मराठी बिऱ्हाडापासून, आणि ते योग्यच आहे. पण बिऱ्हाड थाटायच्या आधीही आपली माणसं या देशाच्या बंदरांत येत होती. रत्नागिरीच्या किनाऱ्यावरचे खलाशी, तांडेल, सारंग हे आगबोटींवर काम करत लंडन, लिव्हरपूल, ग्लासगो, कार्डिफच्या गोद्यांत उतरत. त्यांतले बरेचसे कोकणी मुसलमान होते. त्यांची छायाचित्रं आपल्या आजच्या प्रदर्शनात नाहीत, कारण ती कुणी काढलीच नाहीत.

आपण जिथून शंभर वर्षं मोजतो, त्याच काळात, १९२५ साली, ब्रिटिश सरकारने ‘कलर्ड एलियन सीमेन ऑर्डर’ नावाचा हुकूम काढला. ज्या गौरेतर खलाशाला आपण ब्रिटिश प्रजाजन आहोत हे कागदाने सिद्ध करता येणार नाही, त्याने परकीय म्हणून पोलिसांत नोंद करायची. हिंदुस्थानातले खलाशी तेव्हा ब्रिटिश प्रजाजनच होते. पण पासपोर्ट कुणाकडे असणार? साम्राज्याच्या बोटीवर चढताना त्यांना कुणी तो मागितला नव्हता. जवळ असायची ती नोकरीची वही, आणि ती पुष्कळदा पुरेशी मानली जाईना. त्यामुळे कालपर्यंत प्रजाजन असलेला माणूस आज परका ठरला. त्याने स्वतः काही बदललं नव्हतं. बदलला होता तो खिडकीवरचा प्रश्न.

दुसरं उदाहरण आयांचं. गोऱ्या कुटुंबांनी मुलं सांभाळायला हिंदुस्थानातून आया आणायच्या आणि प्रवास संपला की त्यांतल्या काहींना इथेच सोडून द्यायचं, असं पुष्कळ वेळा घडलं. अशा बायकांसाठी लंडनमध्ये आयांचं वसतिगृह होतं. १९०० पासून ते हॅकनी भागात किंग एडवर्ड्स रोडवर होतं. २०२२ साली तिथे निळी स्मृतिपाटी लागली. लंडनला गेलात तर जरूर पाहून या. पाटी वाचताना आजचंही आठवेल. वृद्धांची सेवा करायला इथे बोलावून आणलेल्या बाईच्या कंपनीचा परवाना सरकारने रद्द केला, की साधारणपणे ६० दिवसांत नवा मालक शोधायचा, नाहीतर देश सोडायचा. परवाना गेला मालकाच्या चुकीमुळे, पण कागद संपतात बाईचे. अशा बाया आमच्या टेबलावर येतात. त्यांतल्या काही मराठी असतात.

आणि वाट पाहणाऱ्यांचं म्हणाल, तर साताऱ्याचे रंगो बापूजी आठवा. छत्रपती प्रतापसिंह महाराजांचे वकील म्हणून ते लंडनला आले आणि कंपनीच्या दारात न्याय मागत सुमारे १४ वर्षं राहिले. हातात कैफियती होत्या, पुरावे होते, नव्हतं ते उत्तर. १८५३ साली ते रिकाम्या हाताने परतले. आज आश्रयाचा अर्ज करून बसलेला माणूस असाच एका पत्राची वाट पाहत असतो. त्याला काम करायची परवानगी नसते. निर्णय १२ महिन्यांहून अधिक लांबला आणि तो उशीर त्याच्यामुळे झालेला नसेल, तर परवानगी मागता येते, तीही ठरावीक यादीतल्या कामांपुरती. खायची-प्यायची सोय स्वतः करायची असेल तर आठवड्याला ५० पौंडांच्या आतला भत्ता मिळतो. कोणत्या शहरात राहायचं हेही तो ठरवत नाही. १९९९ च्या कायद्यापासून सरकार त्याला जागा असेल त्या शहरात पाठवतं. म्हणजे आपल्या शहरात आलेल्या त्या माणसाने आपलं शहर निवडलेलं नाही. आपण त्याला निवडायचं की नाही, एवढंच आपल्या हातात आहे.

शहर म्हणजे काय आणि ते कसं बदलतं, याचं उदाहरण द्यायला फार लांब जायला नको. लेस्टर पाहा.

४ ऑगस्ट १९७२ रोजी इदी अमीनने युगांडातल्या आशियाई लोकांना देश सोडायला सांगितलं. मुदत ९० दिवसांची. सोबत नेता येणार ५०-५५ पौंड. त्यांत बहुसंख्य गुजराती होते, पंजाबी होते, गोव्याचे पुष्कळ होते. त्या सप्टेंबरात लेस्टरच्या नगरपालिकेने ‘युगांडा आर्गस’ या तिथल्या वर्तमानपत्रात पैसे मोजून जाहिरात दिली. आशय असा, की घरांची यादी लांब आहे, शाळा भरल्या आहेत, सेवांवर ताण आहे, तेव्हा तुमच्याच हितासाठी लेस्टरला येऊ नका. लेस्टरचं नाव आपण त्या जाहिरातीतच पहिल्यांदा वाचलं, असं सांगणारे लोक त्या शहरात आहेत म्हणतात.

सुमारे २८,००० माणसं या देशात आली. सरकारने १६ तात्पुरत्या छावण्या उघडल्या, बहुतेक जुन्या लष्करी तळांवर. स्वयंसेवी बायका कोट, स्वेटर आणि पांघरुणं घेऊन उभ्या होत्या. गर्दीच्या शहरांना ‘लाल’ ठरवून तिथे जाऊ नका असा सल्ला दिला गेला. तरी हजारो माणसं लेस्टरलाच गेली, कारण तिथे कुणाचा आतेभाऊ होता, कुणाचा गाववाला होता, कापडगिरण्यांत आणि कारखान्यांत काम होतं. पुढे काय झालं ते आपल्याला ठाऊक आहे. बेलग्रेव्ह रोडवरची दिवाळी पाहायला आपणही मुलांना घेऊन जातो. ‘येऊ नका’ म्हणणाऱ्या शहराची ओळख आज त्याच माणसांमुळे सांगितली जाते.

पण ही गोष्ट सांगताना एक कोपरा आपण नेहमी झाकून ठेवतो. त्या लोकांतले अनेक जण ब्रिटिश पासपोर्टधारक होते, आणि तरीही त्यांना विरोध झाला. शिवाय काही असे होते, की ज्यांच्याकडे कुठल्याच देशाचा कागद उरला नव्हता. एकाच घरात बायकोच्या हाती ब्रिटिश पासपोर्ट आणि नवरा बेवतन. ती इथे आली, आणि तो युरोपातल्या कुठल्यातरी छावणीत अडकला. अशी घरं पुन्हा एकत्र यायला बराच काळ गेला. कागद माणसाची पात्रता सांगतो असं आपण धरून चालतो. एका उंबरठ्याच्या आत दोन पात्रता कशा असतील?

आणखी एक गोष्ट आपल्या गावाकडची. कोल्हापूरजवळच्या वळिवड्याला १९४३ ते १९४८ या काळात सुमारे ५,००० पोलिश निर्वासित राहत होते, बहुतेक बायका आणि मुलं. रशियाने त्यांना हद्दपार केलं होतं, आणि ती इराणमार्गे आपल्याकडे पोचली. त्यांच्या शाळा होत्या, चर्च होतं, नाटकं होत. भोवतालच्या व्यापाऱ्यांनी त्यांच्याशी खाणाखुणांनी व्यवहार केला. युद्धानंतर त्यांतली बरीच मुलं याच देशात, ब्रिटनमध्ये, स्थायिक झाली. म्हणजे आपल्या आधी कोल्हापुरात राहिलेली आणि आपल्यासारखीच इथे येऊन रुजलेली माणसं या बेटावर आहेत. आणि पोलिश मंडळी गेल्यावर त्या छावणीचं काय झालं? फाळणीत घर गमावलेली सिंधी कुटुंबं त्याच बराकींत राहायला आली. आज त्या जागेला गांधीनगर म्हणतात. कोल्हापूरकर लग्नाचा बस्ता बांधायला तिथे जातात. युद्धाच्या त्या काळात रेशन होतं, महागाई होती. तरी जागा झाली.

आता आक्षेपांकडे येतो. मागच्या महिन्यात आपल्यातल्याच एका काकांनी आम्हाला सरळ विचारलं, “आम्ही रांगेत उभे राहून आलो. हे मधेच घुसतात. त्यांचं कौतुक कशाला?” काका इथे बसले आहेत. प्रश्न मनापासून होता, म्हणून उत्तरही मनापासून देतो.

काका, पहिली गोष्ट म्हणजे आश्रयाला अशी रांग नाही. या देशात आश्रय मागायचा तर आधी या भूमीवर पाऊल ठेवावं लागतं. घरी बसून भरता येईल असा आश्रयाचा सर्वसाधारण व्हिसा नाही. युक्रेनमधल्या लोकांसाठी २०२२ साली खास योजना निघाली. त्यांना घरात ठेवून घेणाऱ्या कुटुंबाला सरकारने महिना ३५० पौंड आभारादाखल दिले. आपल्यातल्याही काही घरांनी खोल्या उघडल्या. रांग करायची ठरवली तर करता येते, हे त्यातून दिसलं. सुदानच्या माणसासाठी ती केलेली नाही.

दुसरी गोष्ट. १९६२ चा कॉमनवेल्थ कायदा लागू होण्यापूर्वी आलेल्या आपल्या ज्येष्ठांना व्हिसा लागतच नव्हता. बोटीचं तिकीट आणि पासपोर्ट, बस्स. ती माणसं रांगेतून आली नाहीत, कारण तेव्हा दरवाजा उघडा होता. पुढे दरवाजा लहान होत गेला. तो लहान झाला म्हणून आपण मोठे ठरत नाही. आणि रीतसर आलेल्यांचं तरी काय झालं? २०१८ साली विंडरशचं प्रकरण उघडकीला आलं. १९७३ पूर्वी कायदेशीरपणे आलेल्या, इथेच म्हाताऱ्या झालेल्या माणसांना कागद दाखवता आले नाहीत म्हणून नोकऱ्या गेल्या, घरं गेली, उपचार नाकारले गेले, काहींना देशाबाहेर धाडलं गेलं. त्यांच्या आगमनाच्या चिठ्ठ्या सरकारी कचेरीनेच २०१० साली नष्ट केल्या होत्या. तेव्हा ‘आमचे कागद पक्के आहेत’ या वाक्यावर फार विसंबू नये.

तिसरा आक्षेप घरांचा आणि दवाखान्यांचा. जीपीची वेळ मिळायला दिवस लागतात, आपल्या मुलांना भाड्याने घर मिळत नाही. ही तक्रार खोटी नाही. लेस्टरच्या नगरपालिकेचीही नव्हती. घरांची यादी खरोखरच लांब होती. म्हणूनच सरकारने माणसं पाठवताना शहराला पैसेही पाठवावेत, ही मागणी आपण सर्वांनी मिळून केली पाहिजे. पण टंचाईचा राग खिडकीवरच्या माणसावर काढून एकही घर वाढत नाही. उलट आजारी माणूस दवाखान्यात येत नाही, आजार बळावतो, आणि शेवटी तो रुग्णवाहिकेतून येतो. त्यात त्याचं नुकसान आहे आणि आपलंही.

मग शहराने नेमकं काय करावं? देशाच्या सीमेवर कुणाला घ्यायचं हे शहर ठरवत नाही. ते काम लंडनच्या सरकारचं. पण सीमेच्या आत आलेल्या माणसाची गाठ रोज पडते ती शहराशीच. शाळा, ग्रंथालय, बस, दवाखाना, पोलीसचौकी, कचऱ्याची पेटीसुद्धा. तिथे शहराच्या हातात पुष्कळ आहे.

एक. कायदा काय मागतो आणि काय मागत नाही, हे प्रत्येक खिडकीला माहीत हवं. घरमालकाला आणि नोकरी देणाऱ्याला इथे कागद तपासावेच लागतात, त्यात पळवाट नाही. रुग्णालयातल्या काही उपचारांसाठी विचारणा होते आणि पैसेही पडतात. पण इंग्लंडमध्ये जीपीकडे नाव घालायला ना व्हिसा लागतो, ना पत्त्याचा पुरावा. पाच ते सोळा वयाच्या मुलाला शाळा मिळालीच पाहिजे, आईबापांचे कागद कसेही असोत. हे नियम आहेत, तरी स्वागतकक्षात पासपोर्ट मागितला जातो. ‘डॉक्टर्स ऑफ द वर्ल्ड’ ही संस्था दवाखान्यांना हेच शिकवते, की नाव घ्या, तब्येत विचारा, बाकीचं विचारू नका. आपल्यात किती डॉक्टर आहेत! आपापल्या दवाखान्याच्या स्वागतकक्षात उद्या एकदा कान देऊन उभे राहा.

दोन. मान्यता मिळाल्यानंतरची दरी बुजवा. हे ऐकून पुष्कळांना आश्चर्य वाटतं. माणूस निर्वासित म्हणून मान्य झाला, की त्याचा सरकारी निवारा आणि भत्ता थांबतो. त्यासाठीची मुदत एरवी २८ दिवसांची धरली जाते. आणि युनिव्हर्सल क्रेडिटचा पहिला हप्ता यायला लागतात साधारण ५ आठवडे, म्हणजे ३५ दिवस. वजाबाकी सोपी आहे. आगाऊ रक्कम मिळते, पण ती पुढच्या हप्त्यांतून कापली जाते. बँकेत खातं नसतं, अनामत भरायला पैसे नसतात. ज्या दिवशी पेढे वाटायचे, त्या दिवसापासून माणूस बेघर होण्याच्या वाटेला लागतो. नगरपालिका, गृहनिर्माण संस्था आणि आपल्यासारखी मंडळं मिळून ही दरी बुजवू शकतात. अनामतीसाठी बिनव्याजी निधी, महिनाभर एक खोली, बँकेत सोबत एक माणूस, एवढ्याने फरक पडतो.

तीन. भीती कमी करा. मार खाल्लेली बाई पोलिसांकडे जात नाही, कारण तिची माहिती इमिग्रेशन खात्याकडे जाईल असं तिला वाटतं. ही भीती निराधार नाही, तशी माहिती जाऊ शकते. साउथॉल ब्लॅक सिस्टर्स ही संस्था १९७९ पासून अशा बायकांच्या बाजूने उभी आहे. जोडीदाराच्या व्हिसावर आलेल्या आणि छळामुळे संसार मोडलेल्या बाईला अर्ज करून तीन महिन्यांची मुदत आणि सरकारी मदत मिळू शकते, ही सोय २०१२ पासून आहे. आमच्या टेबलावरून निघून गेलेल्या त्या बाईंना ती सोय लागू होती. पहिल्याच शनिवारी त्यांना सांगता आलं असतं. आम्ही व्हिसाचा प्रकार विचारत बसलो.

चार. शहराने आपलं मत जाहीर करावं. शेफिल्ड २००७ साली देशातलं पहिलं ‘सिटी ऑफ सँक्चुअरी’, म्हणजे आश्रयनगर झालं. त्यामागे होते इंदरजित भोगल आणि क्रेग बार्नेट. भोगल नैरोबीत शीख घरात जन्मले आणि इथे मेथडिस्ट धर्मोपदेशक झाले. त्यांनी आधी दुकानं, शाळा, चर्च, मशिदी, मंडळं यांचा पाठिंबा गोळा केला आणि मग नगरपालिकेला सोबत घेतलं. परदेशात याहून पुढे गेलेली शहरं आहेत. न्यूयॉर्कने २०१५ साली इमिग्रेशनबद्दल न विचारता शहराचं ओळखपत्र द्यायला सुरुवात केली. स्पेनमध्ये गावात राहणाऱ्या प्रत्येकाची नोंद नगरपालिकेच्या वहीत होते, त्याचे देशाचे कागद असोत वा नसोत. राहतो तो रहिवासी, इतका साधा हिशेब.

आता शेवटचं, आणि थोडं कडू. आपल्यातल्याच काही उपाहारगृहांच्या मुदपाकखान्यांत अशी मुलं भांडी घासतात, की ज्यांना दिवसाचे बारा तास उभं राहून हातात पडतं ते सांगायलाही लाज वाटावी. ती तक्रार करू शकत नाहीत, हे मालकाला ठाऊक असतं. कायदा मोडून कुणाला कामाला ठेवा, असं आम्ही म्हणत नाही. पण कागद नसलेल्याच्या नावाने सभेत नाक मुरडायचं आणि घरी जाऊन त्याच्याच घामावर नफा मोजायचा, हे शताब्दी साजऱ्या करणाऱ्या समाजाला शोभत नाही. दुसऱ्या शहरांना काय करावं हे सांगण्याआधी हे बोलणं आम्हाला भाग होतं.

मंडळापुढे आमच्या तीन विनंत्या आहेत.

पहिली, मंडळाच्या सर्व अर्जांवरची व्हिसाची ओळ काढून टाकावी. साहाय्य गटाने ती काढली आहे. सभासदत्वाच्या अर्जावर ती अजून आहे. गणपतीच्या आरतीला येणाऱ्या माणसाचा व्हिसा आपल्याला कशाला हवा?

दुसरी, सोबतीला जाणाऱ्यांची यादी करावी. इथे एक सावधगिरी सांगतो. या देशात नोंदणी नसलेल्या माणसाने इमिग्रेशनचा सल्ला देणं हा गुन्हा आहे. व्हॉट्सॲपच्या गटावर ‘असा अर्ज करून टाक’ म्हणून सांगणारे आपण सगळेच त्यात येऊ शकतो, आणि चुकीच्या सल्ल्याने माणसाचं आयुष्य उलटंपालटं होतं. सल्ला नोंदणीकृत सल्लागाराकडून किंवा वकिलाकडूनच. आपण द्यायची ती सोबत. पत्र वाचून दाखवायचं, बसचं भाडं द्यायचं, खिडकीसमोर शेजारी उभं राहायचं. शेजारी कुणी उभं असलं, की खिडकीपलीकडचा आवाज खाली येतो, हे आम्ही स्वतः ऐकलं आहे.

तिसरी, शनिवारचं टेबल मराठी माणसांपुरतं न ठेवता शहरातल्या सर्वांसाठी खुलं करावं. आश्रय मागणाऱ्यांना पगारी काम करता येत नाही, पण धर्मादाय संस्थेत स्वयंसेवक म्हणून काम करता येतं. ती माणसं केवळ मदत घ्यायला येणार नाहीत, हातभारही लावतील. गेल्या महिन्यात सभागृहाच्या मागच्या दाराची बिजागरी बसवून दिली ती एका इरिट्रियन सुताराने. आपल्या दहा जणांच्या समितीला ते दोन वर्षं जमलं नव्हतं.

त्या बाईंचं पुढे काय झालं, असं तुम्ही विचाराल. मुलगी शाळेत जाते. दाढेचं दुखणं बरं झालं. बाईंचा अर्ज वकिलामार्फत गेला आहे आणि त्या पत्राची वाट पाहत आहेत. आज इथे येण्याचं आमंत्रण आम्ही दिलं होतं. त्या म्हणाल्या, “कागद आले, की येईन.” आम्ही म्हटलं, कागदांची गरज नाही. त्या हसल्या, पण आल्या नाहीत. आपण विचारलेल्या एका प्रश्नाची भीती किती काळ टिकते, ते त्यावरून समजावं.

पुढच्या शनिवारी सकाळी दहा वाजता टेबल मांडलेलं असेल. चहा असतो, जमलं तर पोहेही. ज्यांना सोबत जायला वेळ आहे त्यांनी आपलं नाव द्यावं. नाव आणि फोन नंबर एवढंच लिहायचं आहे. तिसरी ओळ नाही.